कारेन्नी कुटुंब ऑस्ट्रेलियात येतंय: पहिल्या दिवसापासून काय करायचं, काय टाळायचं

मेलबर्न, जीलाँग, वॉलोंगाँग किंवा सिडनीत राहत असाल आणि शेजारी, शाळेतले पालक किंवा स्वयंसेवक म्हणून एखाद्या कारेन्नी निर्वासित कुटुंबाला हात द्यायचा असेल, तर मदतीला लागण्याआधी हे वाचा. निर्वासित व्हिसावर येणाऱ्या कुटुंबाला सरकारी वसाहत कार्यक्रमातून एक केसवर्कर मिळतो. हे सहाय्य साधारण सहा ते अठरा महिने चालतं. क्रिस्प नावाच्या योजनेत हेच काम किमान पाच प्रौढांचा स्थानिक गट बारा महिने अंगावर घेतो. तुमचं कुटुंब यातल्या कुठल्या वाटेने आलं ते आधी स्पष्ट करा. केसवर्कर असेल तर पहिल्याच फोनला विचारून घ्या: बँक कोण करणार, शाळा कोण, डॉक्टर कोण? हे न विचारल्यामुळे एकाच मुलाची दोन शाळांत नावनोंदणी होते आणि लसीकरणाची वेळ मात्र कोणीच घेतलेली नसते.

आधी माणसं ओळखा

कारेन्नींचा मुलूख म्हणजे पूर्व म्यानमारमधलं, थायलंडला खेटून असलेलं कायाह राज्य. राजधानी लॉइकॉ. १८७५ मध्ये ब्रिटिश आणि ब्रह्मी राजा मिंडॉन यांच्यातल्या करारात पश्चिम कारेन्नी संस्थानं स्वतंत्र मानली गेली होती. १९५१ मध्ये राज्याचं नाव बदलून कायाह झालं. त्यामुळे कागदावर ‘म्यानमार’ लिहिलेलं असलं तरी घरात ‘आम्ही कारेन्नी’ असंच ऐकू येईल. १९९६ मध्ये लष्कराने गावंच्या गावं सक्तीने हलवली, तेव्हा मोठा लोंढा सीमा ओलांडून थायलंडच्या मे हाँग सॉन प्रांतात गेला. बान माई नाई सोई आणि बान मे सुरिन या तिथल्या दोन छावण्या. आज वीस-पंचवीस वर्षांचे असलेले अनेक जण छावणीतच जन्मले. छावणीबाहेर जायला परवानगी लागायची, शिधा ठरलेला, घर बांबू आणि पानांचं. २०२१ च्या लष्करी उठावानंतर निघालेली कुटुंबं वेगळी: त्यांच्याकडे स्मार्टफोन, शिक्षण, कधी शहरातली नोकरीही होती, पण जखम ताजी आहे. दोघांना एकाच मापाने मोजू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कारेन आणि कारेन्नी एकच समजणं. नावं जवळची, नातं जुनं, पण भाषा वेगळ्या. रिसेप्शनिस्ट घाईत कारेन दुभाषा बुक करते आणि आजीबाई अर्धा तास नुसती मान हलवत बसतात. शिवाय ‘कारेन्नी’ या नावाखाली कायाह, कायान, कायॉ, मनु असे अनेक गट येतात. म्हणून पहिल्या भेटीत प्रत्येक माणसापुढे तीन गोष्टी लिहून घ्या: घरात कुठली भाषा बोलतात, बर्मी समजते का, आणि वाचता कुठल्या लिपीत येतं. छावणीच्या शाळेत शिकलेल्यांना बर्मी आणि थोडं इंग्रजी येतं. काहींना १९६२ साली तयार झालेली कायाह ली लिपी वाचता येते. वयस्कर बायकांना बऱ्याचदा यातलं काहीच वाचता येत नाही. त्यांना बर्मीत छापलेलं माहितीपत्रक देणं म्हणजे रद्दीत भर.

टीआयएस या सरकारी दुभाषा सेवेचा दूरध्वनी क्रमांक १३१ ४५० आहे आणि तो चोवीस तास चालतो. पण कायाह बोलणारे दुभाषे मोजके, तेव्हा डॉक्टरची वेळ घेतानाच दुभाष्याचीही वेळ घ्या, आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. समाज लहान असल्याने दुभाषा कुटुंबाच्या ओळखीचा निघण्याची शक्यता मोठी. नाजूक विषय असेल तर दुसऱ्या राज्यातला फोनवरचा दुभाषा मागा आणि कुटुंबाचं नाव न सांगता बोलणं करा. मुलांना दुभाषा करू नका. बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून आईच्या गर्भाशयाच्या तपासणीचा निकाल वदवून घेणं दोघींवरही अन्याय आहे.

व्हॉट्सअॅप-मेसेंजरवर बर्मीत पाठवलेला मजकूर समोरच्या फोनवर चौकोन किंवा गिचमिड दिसला, तर फोन जुन्या झॉजी फाँटवर असतो आणि तुमचा मजकूर युनिकोडमध्ये. त्यात डोकं घालत बसण्यापेक्षा दुभाष्याकडून वीस सेकंदांचा आवाजी निरोप बोलून घ्या. वाचता न येणाऱ्यांनाही तो पोचतो.

नावाचा घोळ पहिल्याच आठवड्यात मिटवा

कायाह लोकांत आडनाव नसतं. पुरुषांच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘रे’ येतं, बायकांच्या नावाच्या शेवटी ‘मे’. भाऊ सो रे, बहीण प्रे मे, वडिलांचं नाव आणखी तिसरंच. इंग्रजी फॉर्मला आडनाव हवं असतं, मग बँकेतला कारकून ‘रे’ला आडनाव करतो, मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यात, पूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि शाळेत आईचं ‘मे’ व मुलाचं ‘रे’ पाहून ही सावत्र आई का, अशी शंका निघते. पुढे सेंटरलिंकच्या, म्हणजे सरकारी भत्ते देणाऱ्या कार्यालयाच्या, संगणकाला ही चार माणसं एका घरची वाटत नाहीत आणि पैसे अडकतात.

उपाय साधा आहे. व्हिसाच्या पत्रावर जसं स्पेलिंग, जो क्रम आणि जी जन्मतारीख आहे, ती प्रत्येकाची एका कागदावर उतरवा, खाली नातं लिहा, पाच प्रती काढा आणि एक कायम दाराजवळच्या फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक काउंटरवर तोच कागद पुढे करायचा. नवं आडनाव सुचवू नका. ‘सोपं पडेल’ म्हणून सुचवलेलं आडनाव पुढची दहा वर्षं छळतं. जन्मतारीख १ जानेवारी दिसली तर ती अंदाजे लिहिलेली असण्याची शक्यता आहे. वय खरंच चार-पाच वर्षांनी चुकलेलं असेल, तर शाळा आणि पेन्शन दोन्हीवर परिणाम होतो. मात्र दुरुस्ती कुटुंबाने स्वतः मागितली तरच, आणि केसवर्करमार्फत.

विमानतळ ते पहिली रात्र

सहा माणसं आणि तुमची एक गाडी हे गणित बसत नाही. मुलांची वयं आधी मागवा: सहा महिन्यांपर्यंत मागे तोंड केलेली सीट, चार वर्षांपर्यंत पट्ट्यांची सीट, सात वर्षांपर्यंत पट्ट्यांची किंवा बूस्टर. सीट न लावता ‘जवळच तर आहे’ म्हणून नेऊ नका, दंड चालकाला होतो. छावणीतून येणाऱ्यांना गाडी लागते, अगदी हमखास. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पाणी हाताशी ठेवा, खिडकी थोडी उघडी.

घरात शिजलेला भात, कोंबडीचा पातळ रस्सा, उकडलेली अंडी, पालेभाजी आणि वेगळी मिरची एवढं पुरे. चीज-पिझ्झा नको. कपाटात जास्मिन तांदळाची २५ किलोची गोणी, तेल, मीठ, सुकी मिरची, लसूण, मासळीची आंबवलेली पेस्ट आणि पिवळी डाळ ठेवा. सहा जणांच्या घरात दिवसाला दोन किलोच्या आसपास तांदूळ लागतो, म्हणजे गोणी बारा दिवसांची. सुपरमार्केटची एक किलोची पुडी आणून ठेवणाऱ्याला हा अंदाजच नसतो. मोठा, दहा कपांचा राइस कुकर ही पहिल्या दिवसाची सर्वांत उपयोगी भेट आहे.

त्या रात्री फक्त पाच गोष्टी दाखवा आणि प्रत्येक त्यांच्याकडून करून घ्या: कुलूप, शेगडी चालू-बंद, गरम पाण्याचा नळ, कमोड, आणि धुराचा अलार्म वाजला तर काय करायचं. वॉशिंग मशीन, कचऱ्याचे रंगीत डबे, इंटरनेट पुढच्या आठवड्यात. थकलेल्या माणसाला तीस गोष्टी सांगितल्या तर तो तीसही गोष्टींना ‘हो’ म्हणतो. हे ‘हो’ नीट ओळखा. पाहुण्याला किंवा मदत करणाऱ्याला नाही म्हणणं, प्रश्न विचारून त्रास देणं त्यांना अवघड वाटतं. म्हणून ‘समजलं का?’ असं विचारूच नका. ‘आता तुम्ही करून दाखवा’ म्हणा.

घर सांभाळणं

शेगडीकडे विशेष लक्ष द्या. बांबूच्या घरात मधोमध चूल, आणि आगीची धास्ती खरी: मार्च २०१३ मध्ये बान मे सुरिन छावणीत लागलेल्या आगीत तीस-पस्तीसहून अधिक माणसं गेली. त्यामुळे आगीबद्दल त्यांना शिकवायचं फारसं नसतं, पण विजेची शेगडी लाल दिसत नसली तरी तापलेली असते, हे नवीन असतं. उलट बाजूने, थंडीत कोळशाची शेगडी घरात पेटवणं तिथे नेहमीचं होतं. इथल्या बंद खिडक्यांच्या घरात कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच जातात. हे पहिल्याच आठवड्यात दुभाष्यामार्फत, स्पष्ट शब्दांत सांगा. कोळसा अंगणात, हीटर घरात.

बादली-मगाने आंघोळ करणाऱ्याला शॉवरचा पडदा समजत नाही, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. बाथरूमभर पाणी ओतलं की ते फळ्यांखाली मुरतं आणि सहा महिन्यांनी भाड्याच्या अनामतीतून कापलं जातं. बादली आणि मग बाथटबमध्ये किंवा शॉवरच्या चौकटीत ठेवून द्या. सवय मोडायची गरज नाही, जागा बदलली की झालं. भात शिजताना आणि आंघोळीनंतर पंखा चालू ठेवायचा, नाहीतर मेलबर्नच्या हिवाळ्यात भिंतींवर बुरशी येते आणि दोष भाडेकरूवर येतो.

घर ताब्यात घेताना मिळणारा अवस्था-अहवाल, म्हणजे घराच्या स्थितीची नोंद, व्हिक्टोरियात (मेलबर्न, जीलाँगच्या राज्यात) पाच कामकाजाच्या दिवसांत भरून परत द्यायचा असतो. प्रत्येक खोलीचे फोटो काढा: गालिच्यावरचे डाग, भिंतीची भोकं, ओव्हनचं आतलं. कुटुंबातल्या कोणाच्या तरी फोनमधून काढा, तुमच्या नाही. घर सोडताना फोटो त्यांच्याकडे असायला हवेत. सगळे एका खोलीत गाद्या टाकून झोपतात आणि दोन बेडरूम रिकाम्या, असं दिसलं तर गप्प बसा. तो त्यांचा प्रश्न.

कागदपत्रांचा क्रम

पहिल्या आठवड्यात मोबाइल क्रमांक, बँक खातं, सेंटरलिंक, मेडिकेअर, मग कर-क्रमांक. क्रम उलटला तर अडतं: खातं नसेल तर पैसे कुठे जमा करणार, आणि फोन नंबर बदलला तर सगळ्या खात्यांचे ओटीपी जुन्या नंबरवर जात राहतात. एका माणसाचा एक नंबर, आणि तो बदलायचा नाही. निर्वासित व्हिसावर आलेल्यांना भत्त्यांसाठीची नवागतांची प्रतीक्षा-मुदत लागू नसते. काउंटरवर कुणी उलट सांगितलं तर नम्रपणे व्हिसाचा प्रकार दाखवा.

सेंटरलिंकला दर पंधरवड्याला उत्पन्न कळवायचं असतं. चूक इथे होते: हातात आलेली रक्कम कळवली जाते, कळवायची असते कर कापण्याआधीची. फरक साठत जातो आणि वर्षाने कर्जाची नोटीस येते. पगारपत्रकावरचा नेमका आकडा हायलाइटरने रंगवून, ‘हाच’ असं दोन-तीन पंधरवडे करून घ्या. हेल्थ केअर कार्ड मिळालं की त्याचा क्रमांक वीज आणि गॅस कंपनीला कळवा, सवलत आपोआप लागत नाही.

परदेशी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर पहिल्या दोन वर्षांत दहा कागदांपर्यंत सरकारी सेवेतून मोफत मिळतं. हे कागद विचारपूर्वक निवडा: जन्म आणि लग्नाचे दाखले, वाहन परवाना, शिक्षण. शिध्याच्या कार्डावर एक जागा वाया घालवू नका.

डॉक्टर

आल्यापासून महिन्याभरात निर्वासितांच्या आरोग्याची माहिती असलेल्या क्लिनिकमध्ये संपूर्ण तपासणी व्हावी. रक्ताच्या आठ-दहा नळ्या भरतात आणि तिथेच माणसं घाबरतात, अंगातलं रक्त संपेल म्हणून. सगळ्या नळ्या मिळून चाळीस-पन्नास मिलिलिटर, म्हणजे तीन-चार मोठे चमचे. चमचा आणि पाणी घेऊन आदल्या दिवशी दाखवा. डॉक्टरला हे विचारायची आठवण करून द्या: सुप्त क्षय, हिपॅटायटिस बी, स्ट्राँगिलॉइडिस जंत, रक्तक्षय आणि थॅलसेमिया, ड जीवनसत्त्व, दात. स्ट्राँगिलॉइडिस वर्षानुवर्षं काही न करता आतड्यात राहतो. पुढे कधी स्टेरॉइड दिलं तर तोच जीवघेणा ठरतो.

सुपारी, चुना, तंबाखू आणि पान हे आपल्याला ओळखीचं व्यसन तिथेही घरोघरी आहे. इथे सुपारी आणण्यावर बंधनं आहेत, पिंक टाकली तर भांडणं होतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तोच आहे जो आपल्याकडे. दंतवैद्याला सांगा. उपदेश तुम्ही करू नका. बाळांच्या पोटदुखीसाठी ‘दॉ त्वे’सारखी पूड सामानात असेल तर बाजूला काढा: अशा पुड्यांत शिसं आणि आर्सेनिक सापडलेलं आहे. ती डॉक्टरला दाखवा आणि मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. औषधाच्या बाटलीवर सूर्य आणि चंद्र काढा, किती गोळ्या ते ठिपक्यांनी.

झोप न येणं, दचकणं, डोकेदुखी यांसाठी व्हिक्टोरियात फाउंडेशन हाउस आणि न्यू साउथ वेल्समध्ये स्टार्ट्स या संस्था छळ आणि युद्धातून आलेल्यांवर उपचार करतात. ‘मानसोपचार’ म्हटलं की नकार येतो, ‘झोपेसाठी डॉक्टर’ म्हटलं की जातात. नाताळात जास्त सांभाळा. कॅथलिक आणि बाप्टिस्ट घरं बरीच आहेत, आणि २४ डिसेंबर २०२१ रोजी कायाहमधल्या फ्रूसो भागात तीसहून अधिक माणसांना मारून जाळलं गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये लॉइकॉतल्या लढाईने शहर ओस पडलं. कोणी आठवडाभर वर्गाला आलं नाही तर आळस समजण्याआधी गावाकडची बातमी काय आहे ते पाहा.

रानातलं अन्न

हा भाग कोणत्याही माहितीपुस्तकात ठळक नसतो, म्हणून जरा सविस्तर. कारेन्नी माणसाला रान वाचता येतं. पाऊस पडला की तो अळंबी शोधायला निघणारच. मेलबर्न आणि कॅनबेरात इथल्या शरद ऋतूत (मार्च ते मे) ओकच्या झाडांखाली डेथ कॅप नावाची अळंबी उगवते आणि तिची कोवळी कळी आशियात खाल्ल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी दिसते. शिजवून, वाळवून, धुऊन विष जात नाही. उलट्या-जुलाब सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबणारा माणूस त्यामुळेच जातो. मार्चच्या आधीच फोटो दाखवून सांगा: इथली एकही रानटी अळंबी खायची नाही. खाल्ली असेल तर लक्षणं नसतानाही १३ ११ २६ या विष-माहिती क्रमांकावर फोन, उलट्या सुरू झाल्या असतील तर थेट इस्पितळ, उरलेली अळंबी सोबत.

मासेमारीला व्हिक्टोरियात १८ ते ६९ वयाला परवाना लागतो, आणि किती व केवढे मासे घ्यायचे त्याचे नियम आहेत. परवाना ऑनलाइन काढून द्या आणि माप दाखवणारी पट्टी भेट द्या. गलोल घेऊन पार्कात पोपट टिपणाऱ्या पोराला इथल्या कायद्याची कल्पना नसते. पक्षी आणि प्राणी संरक्षित आहेत, हे वडिलांच्या कानावर घाला. बदल्यात जमीन शोधा. नगरपालिकेच्या सामुदायिक बागेत वाफा मिळाला तर वांगी, मिरच्या, रोझेल, दुधी, कोहळा वर्षभरात दिसू लागतं, आणि घरातली म्हातारी माणसं, जी इंग्रजी वर्गात कोमेजतात, ती तिथे शिक्षक होतात.

शाळा, काम, गाडी

मुलांना वर्ग वयानुसार मिळतो, शिक्षणानुसार नव्हे. आधी नवागतांच्या इंग्रजी शाळेत दोन ते चार सत्रं मिळतात का ते पाहा, थेट आठवीत बसवण्याची घाई नको. प्रौढांना एएमईपी या सरकारी कार्यक्रमाचे इंग्रजी वर्ग मोफत आहेत आणि तासांची जुनी मर्यादा २०२१ पासून काढली आहे. लहान मुलं असतील तर त्यांच्या सांभाळाची सोय नावनोंदणीतच मागा, नाहीतर आई कधीच वर्गात पोचत नाही.

काम बहुधा मांस-प्रक्रिया कारखाना, शेत, सफाई यांत मिळतं. मुकादमाने आधी एबीएन, म्हणजे स्वतंत्र व्यवसायाचा क्रमांक, काढायला सांगितलं तर थांबा: पगारी कामगाराला ठेकेदार दाखवून सुट्ट्या, विमा आणि भविष्यनिधी बुडवायची ही जुनी युक्ती आहे. पगार झाल्यावर एका कामकाजाच्या दिवसात पगारपत्रक मिळायला हवं. नाही मिळालं तर फेअर वर्क ओम्बड्समनकडे दुभाष्यासह तक्रार करता येते.

गाडीच्या परवान्यासाठी व्हिक्टोरियात २१ वर्षांखालच्यांना १२० तासांच्या सरावाचं लॉगबुक लागतं, २५ पुढच्यांना फक्त तीन महिने शिकाऊ परवाना. म्हणून घरातल्या मोठ्याला आधी शिकवा.

शेवटची दोन कागदी कामं

नवरा, बायको किंवा अवलंबून असलेलं मूल छावणीत मागे राहिलं असेल तर विभक्त कुटुंबाच्या सवलतीचा अर्ज इथल्या माणसाला व्हिसा मिळाल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो, आणि ते नातं व्हिसा मिळण्याआधी जाहीर केलेलं असायला हवं. कोणाचा उल्लेख राहून गेला असेल तर पहिल्या महिन्यातच परवानाधारक स्थलांतर सल्लागार किंवा मोफत कायदा केंद्र गाठा. ओळखीतल्या ‘फॉर्म भरून देणाऱ्या’ला पैसे देऊ नका.

चार वर्षं पूर्ण झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, साठ वर्षांपुढच्यांना परीक्षा नाही. अर्जाआधी पुन्हा तो पहिल्या आठवड्यातला नावांचा कागद काढा आणि बँक, मेडिकेअर, परवाना, शाळा सगळीकडचं स्पेलिंग त्याच्याशी ताडून पाहा. फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, कारण प्रमाणपत्रावर जे नाव छापलं जाईल तेच पासपोर्टवर येतं आणि नंतर बदलायला महिने लागतात.